मुदतीचा ताप

‘मुदतीचा ताप’ हा शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही. आता सगळे सरळ टायफॉइड म्हणतात, फार तर पेपरात विषमज्वर छापून येतं. आमच्या रत्नागिरीच्या घरात मात्र आजी शेवटपर्यंत ‘मुदतीचा’ असंच म्हणायची. मला तो शब्द आवडतो, कारण त्यात त्या दुखण्याचं अख्खं वेळापत्रक आलं. हा ताप आला की आपली मुदत भरल्याशिवाय जात नाही. वैद्य आणा, डॉक्टर आणा, अंगारा लावा नाहीतर देवीला नवस बोला, तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. एकविसाव्या दिवसापर्यंत एकतर ताप उतरायचा, नाहीतर माणूस जायचं.

गेले काही महिने जमेल तसं औषधांच्या इतिहासावर वाचतोय. निमित्त झालं घरातल्याच एका वादाचं. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक घ्यावं की नाही? वादात कोण कोण होतं ते लिहीत नाही, कारण ती सगळी मंडळी हे वाचतात :) वाद काही मिटला नाही. पण वाचता वाचता असं वाटायला लागलं की हा वाद डॉक्टरकीचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. प्रत्येक दुखण्याला काही एक मुदत असते, आणि गेल्या शंभर वर्षांत त्या मुदतीशी आपलं नातं पार बदलून गेलंय. (मी डॉक्टर नाही. कुणाला ताप असेल तर हे वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.)

आधी अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हाचं.

तेव्हा डॉक्टरांच्या हातात तरी काय होतं? आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय एकवीस. डॉक्टर होऊनही स्वतःच्या रोगावर घ्यायला जगात औषध नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातले रुग्ण पाहून तो प्लेग असल्याचं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. पण ओळखून करणार काय? माणसं मिळेल त्या वाटेनं गावाकडे पळाली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. आमच्या रत्नागिरीनेही प्लेग पाहिला. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांना १९२४ च्या साथीत काही महिने नाशिकला जाऊन राहायची परवानगी मिळाली होती. बाकीच्यांसाठी उपाय तोच, घर सोडून गावाबाहेर मोकळ्या जागी झोपडी बांधायची आणि साथ सरायची वाट बघायची.

मुदतीच्या तापातही वाटच बघायची. माझ्या आजोबांची धाकटी बहीण या तापानं गेली. साल साधारण १९३५-३६. ती मी पाहिलेली असणं शक्यच नाही, फोटोही नाही. पण आजीकडून (म्हणजे तिच्या वहिनीकडून) ती गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की त्या खोलीतला कंदीलसुद्धा मला दिसतो. पहिल्या आठवड्यात ताप पायरी-पायरीने चढत गेला. दुसऱ्या आठवड्यात ती बडबडायला लागली. खायला द्यायचं नाही असा दंडक, कारण आतडी हळवी झालेली असतात. नुसतं लाह्यांचं पाणी आणि मोसंब्याचा रस. तिसऱ्या आठवड्यात ताप जरा उतरला, घरात हायसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी एकाएकी पोट दुखायला लागून संध्याकाळी ती गेली. कुणीतरी तिला चोरून भाताची पेज दिली म्हणून असं झालं, असा घरात समज होता. तो आळ ज्या बाईवर होता तिनं तो जन्मभर वाहिला.

आता वाचल्यावर कळतं की पेजेचा काही दोष नव्हता. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या भिंतीत जखमा करतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कधीकधी तिथे भोक पडतं. खाल्लं काय नि उपाशी ठेवलं काय. उलट उपासानं माणूस आणखी खंगायचा. औषध नव्हतं त्या काळात टायफॉइडच्या दर दहा रोग्यांमागे एक-दोन जायचे. हे आजीला सांगायला हवं होतं असं फार वाटतं, पण ती गेल्याला आता खूप वर्षं झाली.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण असं की ‘पूर्वी लोक कसे घरच्या घरी बरे व्हायचे, औषधं लागायचीच नाहीत’ हे जे आपण लग्नाकार्यात ऐकतो ना, ते निम्मंच खरं आहे. जे बरे झाले तेच सांगायला उरले.

पण निम्मं खरं आहे हेही खरंच!

जुन्या दवाखान्यांचं चित्र आठवा. ज्यांचं वय पन्नासच्या वर आहे त्यांना आठवेलच. डॉक्टरांनी जीभ बघायची, पोट दाबायचं, छातीला नळी लावायची आणि एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडायचं. मग चिठोरं कंपाउंडरकडे. बाटली आपण घरून धुऊन न्यायची. तो मोठ्या बरणीतून लालसर नाहीतर गुलाबी मिक्श्चर त्यात ओतायचा, वर पाणी घालायचा आणि कागदाची एक पट्टी कात्रीनं दोन्ही बाजूंनी कातरून डिंकानं बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. सोबत खलात कुटलेल्या पावडरीच्या पुड्या. ‘तीन दिवसांनी बाटली घेऊन या.’

त्या मिक्श्चरमध्ये बहुतेक वेळा पोटाला बरं वाटेल, खोकला जरा दबेल असं काहीतरी असायचं. साध्या दुखण्याचा जंतू मारण्याची ताकद त्यात नव्हती. पण ते काम फार मोठं करत होतं. ते मुदत काढून द्यायचं. साधा विषाणूचा ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो. सर्दी आठ-दहा दिवस राहते. खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो, आणि तो रेंगाळला म्हणजे काही बिघडलं असं नसतं. बाटलीतल्या खाचा संपेपर्यंत शरीर आपलं काम उरकत असे. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. तीन दिवसांनी बाटली घेऊन यायला सांगण्यात एक युक्ती होती. ताप उतरला नसेल तर माणूस पुन्हा नजरेखाली येई.

मग पेनिसिलिन आलं.

अलेक्झांडर फ्लेमिंगच्या १९२८ मधल्या बुरशीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, ती परत सांगत नाही. मला त्याहून चटका लावून गेली ती १९४१ ची. ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने पहिल्यांदा एका आजारी माणसावर पेनिसिलिन वापरलं. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस. जंतुसंसर्ग चेहऱ्यावर पसरून एक डोळा काढावा लागलेला. इंजेक्शनं सुरू झाली आणि चार-पाच दिवसांत माणूस उठून जेवायला लागला. पण जगातलं सगळं पेनिसिलिन तेवढंच होतं! त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं औषध गाळून पुन्हा त्याला देत होते. तेही संपलं. मार्चमध्ये तो गेला. औषध आहे, ते लागू पडतंय, आणि पुरत नाही.

आपल्याकडे हे औषध पुरेसं व्हावं म्हणून जी धडपड झाली तिचं ठिकाण कोकणातून फार लांब नाही. पिंपरी. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिन बाहेरून विकत आणावं लागायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं सरकारनं १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली आणि १९५५ मध्ये तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. औषधं बनवणारा देशातला हा पहिला सरकारी कारखाना. पिंपरीत त्याला कुणी पूर्ण नावानं ओळखत नाही, ‘एच.ए.’ म्हणतात. एच.ए. कॉलनी, एच.ए. शाळा. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथं बनू लागलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी, त्यात डॉ. थिरुमलाचार हे मुख्य, मातीतल्या एका जीवापासून बुरशीवरचं एक नवं औषध शोधलं. त्याचं नाव हमायसिन. कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं त्यात आहेत, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात चक्क ‘पिंप्रिना’ आहे. पिंपरीचं नाव असं जीवशास्त्रात जाऊन बसलंय हे पिंपरी-चिंचवडच्या किती लोकांना माहीत असेल?

आमचे एक लांबचे काका तिथं नोकरीला होते. मे महिन्यात रत्नागिरीला आले की त्या प्रचंड टाक्यांचं वर्णन करायचे. टाकीत बुरशी वाढवायची, तिला खायला घालायचं, सतत हवा द्यायची, पण ती हवा इतकी निर्जंतुक हवी की बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागे. ‘लोणच्याच्या बरणीसारखंच रे, ओला चमचा घातलास की गेली!’ असं ते सांगायचे. हा कारखाना १९९० च्या दशकात आजारी उद्योग ठरला, ती कहाणी वेगळीच आहे. कधीतरी लिहीन.

आता आमच्या घरातली दुसरी गोष्ट. १९५१ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना मुदतीचा ताप आला. वय आठ. घरात एक मूल पंधरा वर्षांपूर्वी त्याच तापानं गेलेलं, तेव्हा आजीची काय अवस्था झाली असेल ते समजा. पण मधल्या काळात जगात एक गोष्ट घडली होती. क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध निघालं होतं. १९४८ मध्ये क्वालालंपूरला काही अमेरिकन डॉक्टर ते वेगळ्याच एका तापावर तपासून बघत होते. त्यांचे काही रोगी चुकून टायफॉइडचे निघाले, आणि ते बरे झाले! टायफॉइडवर लागू पडलेलं जगातलं हे पहिलं खरं औषध, ते असं अपघातानं कळलं. बाजारातलं नाव क्लोरोमायसेटिन.

रत्नागिरीत ते मिळेना. पावसाळ्यात बोटी बंद. आजोबांनी कोल्हापूरच्या एका नातेवाइकाला तार केली आणि आंबा घाटातून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती त्या कॅप्सूल आल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. एकविसाव्या नव्हे, चौथ्या. आजी सांगायची, ‘मी तरी मेली एकवीस दिवस मोजतच होते. ताप नव्हता तरी.’

हे असं बघितलेल्या पिढीला कॅप्सूल म्हणजे देव वाटला तर नवल काय? मला त्या पिढीची चेष्टा करवत नाही. तीन आठवड्यांची मुदत चार दिवसांवर येताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मग ज्याला-त्याला तेच हवं झालं. सर्दीला, खोकल्याला, जुलाबाला, अंगदुखीला. ‘डॉक्टर, एक सुई मारा’ हे आमच्याकडच्या दवाखान्यांतलं नेहमीचं वाक्य झालं. जो डॉक्टर सुई मारत नाही तो कसला डॉक्टर! गुलाबी मिक्श्चर मागे पडलं आणि दोन रंगांच्या कॅप्सूल आल्या. माझ्या वयाच्या काही जणांचे दात पिवळट-तपकिरी पट्ट्यांचे दिसतात, त्यात लहानपणी वारेमाप दिलेल्या टेट्रासायक्लिनचाही हात आहे. दात तयार होत असताना ते औषध त्यात जाऊन बसतं.

सर्दी-पडसं, बहुतेक घसेदुखी आणि फ्लू हे विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक विषाणूला काहीही करत नाही. मग घेतल्यावर बरं का वाटतं? कारण मुदत भरलेली असते. तिसऱ्या दिवशी गोळी सुरू केली आणि पाचव्या दिवशी ताप उतरला की श्रेय गोळीला. पाचव्या दिवशी तो तसाही उतरणारच होता. पण हे घरात कुणाला पटवून द्यायचं? न घेता काय झालं असतं ते दाखवता येत नाही ना.

आणि ती फुकट घेतलेली गोळी नुसती फुकट जात नाही. पोटात, घशात, कातडीवर कोट्यवधी जंतू असतात, बरेचसे निरुपद्रवी. त्यातले औषधाला बळी पडणारे मरतात आणि न दबणारे मोकळ्या रानात वाढतात. शिवाय औषधाला दाद न देण्याची युक्ती एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. १९४५ च्या डिसेंबरात नोबेलच्या भाषणात खुद्द फ्लेमिंगनेच याचा इशारा दिला होता. कुणी अर्धवट पेनिसिलिन घेईल, त्यातून तग धरलेले जंतू बायकोला देईल, आणि तिच्यावर मग पेनिसिलिन चालणार नाही, असं त्यानं गोष्टीसारखं रंगवून सांगितलं होतं. (त्याचा भर कमी डोसवर होता. हल्लीचे तज्ज्ञ म्हणतात की गरजेपेक्षा जास्त दिवस घेणंही तितकंच वाईट, आणि पुष्कळ दुखण्यांत छोटा कोर्स पुरतो. किती दिवस ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचं.)

मुदतीच्या तापाचंच पुढे काय झालं बघा. वडिलांचा जीव वाचवणारं क्लोरॅम्फेनिकॉल पुढची वीस वर्षं देशभर हुकमी चाललं. क्वचित कुणाच्या रक्तावर त्याचा भयंकर परिणाम होतो हे कळूनही ते चाललं, कारण दुसरं होतं काय? मग १९७२ मध्ये केरळात कालिकतला टायफॉइडची साथ आली आणि तिथले जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईनात. त्याच वर्षी मेक्सिकोतही तेच. १९९० च्या आसपास भारतभर असे टायफॉइड दिसू लागले की ज्यांच्यावर जुनी तिन्ही औषधं निकामी. तेवढ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन आलेलं होतं. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि आपण सगळ्यांनी काय केलं? जुलाब झाले, सिप्रो. लघवीला जळजळतंय, सिप्रो. गावाला जाताना पिशवीत असू दे, सिप्रो. दहा-पंधरा वर्षांत तेही टायफॉइडवर जवळपास बाद झालं. मग सेफ्ट्रिआक्सोनची इंजेक्शनं आणि अझिथ्रोमायसिन. २०१६ पासून पाकिस्तानात सिंध प्रांतात जो टायफॉइड पसरला त्याच्यावर सेफ्ट्रिआक्सोनही चालत नाही. गोळ्यांमधलं उरलं ते मुख्यतः अझिथ्रोमायसिन.

आणि आमच्या घरात वाद चालला होता तो याच अझिथ्रोमायसिनवरून. सर्दीला घ्यावं का म्हणून!

२०२० आणि २०२१ मध्ये तर हे औषध घरोघरी चण्याफुटाण्यासारखं खाल्लं गेलं. कोविडचं प्रिस्क्रिप्शन म्हणून जो फोटो मोबाइलवर फिरत होता त्यात ते असायचंच. कोविड विषाणूचा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत तेव्हाच दिसून आलं होतं की कोविडच्या रोग्यांना अझिथ्रोमायसिनचा सरसकट फायदा होत नाही. पण फोटो फिरतच राहिला. घाबरलेला माणूस असंच करतो, आणि ते काही पहिल्यांदा झालं नव्हतं. १९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यात मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं होतं. सुरतेतलंच नव्हे, मुंबई-दिल्लीतलंही. त्या दसऱ्याला मुंबईहून आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांच्या बॅगेत आपट्याच्या पानांऐवजी टेट्रासायक्लिनची पाकिटं होती. सगळ्यांना एक-एक कॅप्सूल वाटायला निघाले होते. आजीनं त्यांना सांगितलं, ‘भाऊजी, हे सोनं तुमच्याकडेच असू दे.’

आणखी एक गंमत ‘वायडल’ची. पावसाळ्यात आमच्याकडे ज्याला-त्याला ‘टायफॉइड निघतो’. रक्त तपासलं, वायडल पॉझिटिव्ह आली, इंजेक्शनं सुरू. ही तपासणी फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावानं ओळखली जाते आणि १८९६ ची आहे. म्हणजे मुंबईतल्या प्लेगइतकी जुनी! आपल्यासारख्या देशात, जिथं टायफॉइडचे जंतू कधी ना कधी पोटात जाऊन आलेले असतात, तिथं एकदाच केलेल्या वायडलवर भरवसा ठेवता येत नाही. खात्री करायची तर रक्ताचं कल्चर. पण दोन दिवस घरची अँटिबायोटिक खाऊन झाल्यावर रक्त दिलं तर कल्चरमध्ये काही उगवतच नाही. मग खरा मुदतीचा कुणाचा आणि साधा ताप कुणाचा, हे कळायची सोयच राहत नाही.

मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे. गोळी वाईट नाही. ओळख पटवायच्या आधीच ती तोंडात टाकली जाते.

ओळख पटवण्याचं एक उदाहरण मला फारच आवडलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. सर्दी-खोकला तर प्रत्येक पोराला असतो. त्यातलं कोणतं पोर अँटिबायोटिक न मिळाल्यास मरेल? छातीचा एक्सरे कुठून आणणार खेड्यात? खूण साधी होती, श्वासाचा वेग. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर न्यूमोनियाचा धोका. पण गावातल्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? मग त्यांनी एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की औषध द्यायचं, नाही पोचलं तर नाही द्यायचं. गावातल्या प्रशिक्षित लोकांनी केलेल्या उपचारांनी मुलांचे मृत्यू कमी झाले हा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं ती ठरवत होती की या पोराला गोळी लागेल आणि त्या पोराला लागणार नाही. आम्ही शिकलेली माणसं मेडिकलवाल्याला ‘एक पाकीट द्या हो’ म्हणतो.

जुलाबांचंही तसंच. बहुतेक साध्या जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही, पाणी आणि क्षार लागतात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून रोग्यांना पाजायला लावलं. आधी तीस टक्क्यांच्या आसपास माणसं मरत होती, ती संख्या चार टक्क्यांच्याही खाली आली. पण आजही मीठ-साखरेचं पाणी सांगणारा डॉक्टर लोकांना फसवल्यासारखा वाटतो. ‘एवढंच?’ म्हणतात.

आता उलटी बाजू. हे वाचून कुणी जुलै महिन्यात लावणीच्या दिवसांत ताप अंगावर काढू नका! कोकणात लेप्टो आहे. उंदराच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून अंगात जातात. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं. हा जंतू आहे, विषाणू नाही, आणि यावर अँटिबायोटिक लवकर मिळालं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जातात. पावसाळ्यात आरोग्य खातं शेतात राबणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं ते यासाठी. लावणी करणाऱ्या माणसाला ती गोळी हवीच, आणि तीच गोळी टी.व्ही.समोर शिंकणाऱ्याला नको. दोघांचा ताप थर्मामीटरवर सारखाच दिसतो म्हणून तर डॉक्टर लागतो.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०१३ मध्ये नियम काढून शेड्यूल एच-वन नावाची यादी केली. १ मार्च २०१४ पासून त्यातलं औषध विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. २०१६ पासून लाल रेघेची मोहीम आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पण सगळी अँटिबायोटिक्स त्या यादीत नाहीत, आणि वही किती ठिकाणी लिहिली जाते ते आपण सगळे जाणतो. २०१० मध्ये एका जंतूच्या एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव दिलं म्हणून देशात केवढा गदारोळ झाला होता! नावाबद्दल झाला. जंतूबद्दल त्या मानानं कमीच. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर केले, तेव्हाही आधी वाद झाला तो त्याला काय म्हणायचं यावर.

एक चांगली बातमी आहे, ती क्लोरॅम्फेनिकॉलची. टायफॉइडला ते देणं डॉक्टरांनी बहुतेक थांबवलं, आणि काही वर्षांनी भारतात ठिकठिकाणी असं आढळू लागलं की टायफॉइडचे जंतू पुन्हा त्याला दबतायत. त्याच्या दुष्परिणामांमुळे ते सरसकट परत येईल असं नाही, पण हे झालं खरं. आणि दुसरी बातमी नवी मुंबईची. २०१८ मध्ये तिथल्या महापालिकेनं टायफॉइडच्या नव्या लशीची मोहीम घेतली, एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली. सरकारी यंत्रणेनं ही लस अशी वापरायची देशातली ती पहिलीच वेळ. मुलांनी गाळलेलं, उकळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी प्यायलं आणि लस घेतली, तर मुदतीचा ताप यायलाच नको.

माझ्या नातीला ती लस गेल्या वर्षी दिली. सुनेनं मला विचारलं, टायफॉइड म्हणजे नक्की काय होतं हो बाबा? मी तिला आजोबांच्या त्या बहिणीची गोष्ट सांगितली. पेजेच्या बाईचीही सांगितली.